मैदान आखताना मला बोलवा

गेल्या अंकात मी ओघात लिहून गेले की उघड्या मैदानावरच्या उत्सवाला जायचं की नाही, हे मी आदल्या दिवशी मैदान बघून ठरवते. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळची सगळी पानं त्यांनाच दिली आहेत. नव्या वाचकांसाठी सांगते : मी व्हीलचेअर वापरते. नोकरीत होते तोवर इमारतींचे नकाशे काढायचे. मोजायची टेप आणि पातळी बघायची लहानशी पाणसळ अजूनही माझ्या पिशवीत असते.

प्रश्न : ताई, आमचा दोन दिवसांचा उत्सव उतरत्या, गवताळ मैदानावर भरतो. मांडव, स्टॉल, व्यासपीठ सगळं तात्पुरतं असतं. यंदा अपंग व्यक्तींसाठी ‘काहीतरी करायचं’ असं समितीत ठरलं आहे. काही जणांचं म्हणणं, चार व्हीलचेअर भाड्याने आणून फाटकाशी ठेवू. सुरुवात कुठून करावी?
— संयोजन समितीतला एक सदस्य

उत्तर : व्हीलचेअर आणायची घाई करू नका. रोज व्हीलचेअर वापरणाऱ्याकडे स्वतःची खुर्ची असते, त्याच्या पाठीच्या आणि पायांच्या मापाची. खुर्ची आहे पण ती पुढे जात नाही, ही त्याची अडचण. चालून दमणाऱ्या वयस्कर मंडळींना भाड्याच्या खुर्च्या उपयोगी पडतात, त्यांच्यासाठी जरूर आणा, पण शेवटी. आधी पैसे जमिनीत घाला.

मैदानाचा नकाशा काढा, हाताने काढलेला चालेल. त्यावर पेन्सिलीने एक रेघ ओढा : गाडीतून उतरण्याची जागा, फाटक, चौकशीचं टेबल, स्टॉल, पिण्याचं पाणी, शौचालय, व्यासपीठासमोरची जागा आणि परत गाडी. पेन्सिल न उचलता. जिथे ती उचलावी लागेल, म्हणजे एखादी पायरी, चर, वायरींचा जुडगा किंवा खडीचा पट्टा लागेल, तिथे माझा उत्सव संपला. अलीकडचा रस्ता कितीही गुळगुळीत असला तरी त्याचा मला उपयोग नाही.

नकाशावर उताराची दिशाही दाखवा. व्यासपीठ खालच्या टोकाला घेतात, कारण वरून सगळ्यांना दिसतं. शौचालयं वरच्या टोकाला ठेवतात, कारण तिथे टँकर पोचतो. दोन्ही कारणं रास्त आहेत, पण मधला सगळा चढ माझ्या हातांच्या वाट्याला येतो. म्हणून निदान एक शौचालय, पाण्याची सोय आणि बसायची जागा उताराला आडव्या अशा एकाच पट्ट्यात आणा. कागदावर हे फुकट होतं. मांडववाल्याने खांब रोवल्यावर कोणी हलवत नाही.

उताराला आडवं जाताना दुसरी भानगड होते. रस्ता एका बाजूला कलतो. चार फूट रुंदीत इंचभराहून जास्त कल असला की खुर्ची सारखी खालच्या बाजूला ओढ घेते आणि सगळं काम एकाच हाताला पडतं. रस्ता म्हणून फळ्या टाकाल तेव्हा खालच्या कडेला ठोकळे देऊन त्या सपाट करा. पाणसळ इथेच लागते.

आता गवत. दिसायला ते सपाट, मऊ, छान. व्हीलचेअरची मागची चाकं मोठी असतात, ती रेटून नेता येतात. पुढची दोन मात्र लहान आणि वळणारी. ती गवतात रुतली की खुर्ची जागच्या जागी थांबते आणि बसलेला माणूस तेवढा पुढे जातो. खडी आणि सुकी वाळू याहून वाईट. गवतावर नुसता गालिचा अंथरून समाधान मानू नका. तो चाकाखाली गोळा होतो आणि कुबडीच्या टोकाला अडकतो. जोडून बसवायचे जाड प्लास्टिकचे किंवा रबराचे पट्टे भाड्याने मिळत असतील तर उत्तम. नाही तर प्लायवूडच्या आठ बाय चारच्या जाड शीट लांबीला लांबी जोडून टाका, म्हणजे चार फुटांचा रस्ता होतो. समोरासमोर आलेल्या दोन खुर्च्यांना पाच फूट तरी लागतात, म्हणून ठरावीक अंतरावर एक जादा शीट शेजारी टाका. तिथे एकाने थांबायचं, दुसऱ्याने पुढे जायचं. सांध्यात अर्ध्या इंचाहून मोठी फट नको आणि उचललेली कडा तर अजिबात नको. ओलं प्लायवूड घसरतं. रंगात बारीक वाळू मिसळून एक हात मारला की पकड येते.

या रस्त्याचा आणखी एक उपयोग तुमच्या समितीला ठाऊक नसेल. पांढऱ्या काठीने चालणाऱ्याला गवत आणि फळी यांची सीमा काठीच्या टोकाला कळते. ती धरून त्याला थेट व्यासपीठापर्यंत जाता येतं. सेइइची मियाके या जपानी गृहस्थांनी १९६५ मध्ये पदपथावरच्या उठावदार ठिपक्यांच्या लाद्या शोधल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात त्या पहिल्यांदा बसल्या, त्यामागेही हेच तत्त्व आहे : जमीन पायाला आणि काठीला काहीतरी सांगते. तुमची फळीची कडा ते काम फुकटात करते. मात्र त्या कडेवर कचऱ्याचे डबे, फलक किंवा स्वयंसेवकांच्या दुचाक्या उभ्या करू नका.

काठी जमिनीलगतचं सांगते. छातीच्या आणि डोक्याच्या उंचीवर जे पुढे आलेलं असतं ते तिला कळत नाही. म्हणून रस्त्यावर सात फुटांच्या खाली काही लटकू देऊ नका, तोरण नको आणि फलकही नको. मांडवाचे तिरके ताण, म्हणजे जमिनीतल्या खुंट्यांना बांधलेल्या दोऱ्या, हा सर्वांत दुष्ट प्रकार. ते रस्त्याच्या बाहेर घ्या. जमत नसेल तर त्यांच्याभोवती जमिनीपासून कठडा करा, म्हणजे काठीला आधी कठडा लागेल. नुसती रंगीत चिंधी बांधून भागत नाही. ती ज्याला दिसते त्याला दोरीही दिसतेच.

वायरी वरून न्या किंवा पुरा. वायर झाकायला जो रबरी उंचवटा टाकतात त्यावरून लोक पाय उचलून जातात, मला मात्र प्रत्येक वेळी खुर्ची मागे कलवून पुढची चाकं वर घ्यावी लागतात. सगळ्यांना ते जमत नाही.

स्टॉलचं एवढंच : टेबलाचा निदान एक भाग अडीच ते तीन फूट उंचीचा ठेवा. नाहीतर विक्रेत्याला माझं फक्त कपाळ दिसतं आणि तो माझ्यामागे उभ्या असलेल्या माणसाला विचारतो, ‘यांना काय हवंय?’

प्रश्न : मी समितीचा खजिनदार. गेल्या वर्षी आम्ही फाटकाशी रॅम्प केला होता. दोन दिवसांत त्यावरून एकही व्हीलचेअर गेली नाही, पोरांनी मात्र घसरगुंडी केली. यंदा हा खर्च मंजूर करू नये असं माझं मत आहे. ताई, यात माझं काही चुकतंय का?
— हिशेबाला पक्का

उत्तर : पोरांना घसरगुंडी करता आली म्हणजे तुमचा रॅम्प फार उभा होता. एक फूट चढायला बारा फूट लांबी, हे जगभर चालणारं किमान प्रमाण आहे. फाटकाशी दीड फुटाचा चढ असेल तर अठरा फूट रॅम्प हवा. तुमचा सहा फुटांचा असेल, असा माझा अंदाज. त्यावरून व्हीलचेअर वर जात नाही आणि खाली येताना थांबत नाही.

आता न आलेल्या माणसांचा हिशेब. मी जाहिरात कशी वाचते ते सांगते. कार्यक्रम कोणाचा हे मी शेवटी पाहते. आधी पाहते : गाडी कुठपर्यंत येते, जमीन कसली, शौचालय आहे का, विचारायला फोन आहे का. यातलं काहीच छापलेलं नसलं की मी जात नाही, आणि मी आले नाही हे तुम्हाला कळतही नाही. तुमच्या रॅम्पची बातमी जाहिरातीत होती का? नसेल तर तो कोणासाठी केला होता, असा प्रश्न पडतो. यंदा चार ओळी छापा, फाटकाचा आणि रस्त्याचा फोटो टाका, ‘उतरण्याच्या जागेपासून व्यासपीठ इतक्या फुटांवर’ असं लिहा. जे नाही तेही लिहा. ‘शौचालयाकडच्या रस्त्यावर थोडा चढ आहे’ हे वाचून मी मदतीला कोणाला तरी घेऊन येईन. ‘सर्वांसाठी खुला’ हे वाचून घरी बसेन. संपर्कासाठी फोन आणि लेखी संदेश दोन्ही द्या, कर्णबधिर माणूस फोनवर काय बोलणार?

माणसं थोडी आहेत असं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात सुमारे १३० कोटी लोकांना लक्षणीय अपंगत्व आहे, दर सहा माणसांत एक. शिवाय १३ डिसेंबर २००६ ला संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कराराचं ३० वं कलम सांस्कृतिक जीवन, करमणूक आणि खेळ यांत सहभागाबद्दलच आहे. उत्सव म्हणजे चैनीची गोष्ट, तिथे हक्क कसला, असं कोणी म्हणालं तर हे कलम दाखवा.

आणि रॅम्प रिकामा राहील याची काळजी नको. यंदा योग्य चढाचा करा आणि पहिल्या सकाळी तिथे उभे राहा. ध्वनियंत्रणेवाले चाकांच्या पेट्या त्यावरूनच आणतील, पाण्याचे जार त्यावरून जातील, बाबागाड्या जातील. अमेरिकेतल्या कॅलमझू गावात १९४० च्या दशकात युद्धातून अपंग होऊन परतलेल्यांसाठी पदपथांच्या कडा उतरत्या केल्या. अशा कडांवरून आज सगळ्यात जास्त कोण जातं, ते कुठल्याही चौकात उभं राहून पाहा. खर्च सोसत नाही असं तुम्हाला वाटतं, त्याचं एक कारण तो दरवर्षी शेवटच्या आठवड्यात निघतो. मांडवाच्या पहिल्या अंदाजपत्रकात रॅम्पची ओळ घाला, मग तो मांडवाचाच भाग होतो.

प्रश्न : आम्ही व्हीलचेअरवाल्यांसाठी उंच चौथरा बांधला. कौतुक होईल असं वाटलं होतं. उलट तिघांनी तक्रार केली आणि एक जण तर चौथरा सोडून खाली गर्दीत जाऊन बसला. आमचं काय चुकलं?
— उत्साही स्वयंसेवक

उत्तर : चौथरा कुठे होता ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणजे मागे होता. बहुधा जनरेटरजवळ. रागावू नका, मी असे पुष्कळ चौथरे पाहिले आहेत. मैदानात जी जागा कोणालाच नको असते ती आमच्या नावावर चढते.

खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण चार फुटांवर असतात. पुढचा माणूस उभा राहिला की त्याचं डोकं साडेपाच-पावणेसहा फुटांवर जातं. म्हणून पुढची जमीन त्याच पातळीत असेल तर चौथरा दोन फुटांचा तरी हवा, आणि दोन फुटांना चोवीस फुटांचा रॅम्प. उंचीबद्दल माझी हरकत नाही. फक्त व्यासपीठाच्या बाजूला, मधल्या भागात किंवा त्याच्या पुढे घ्या. ध्वनियंत्रणेचा माणूस बसतो त्याच्या शेजारची जागा फार चांगली असते, कारण तिथून नीट दिसावं आणि ऐकू यावं याची काळजी घेतलेली असतेच.

एका खुर्चीला तीन फूट रुंदी आणि चार फूट खोली धरा, ती समोरून जागेवर येत असेल तर. मागे फिरायला पाच फूट मोकळे. कडेला दोन-तीन इंचांची पट्टी, म्हणजे चाक घरंगळत बाहेर जाणार नाही. समोरचा कठडा बसलेल्याच्या डोळ्यांच्या रेषेत येऊ देऊ नका. हे स्वतः खुर्चीत बसून तपासा. उभ्याने वाकून अंदाज घेतला तर फसाल.

तुमचा तो खाली उतरलेला पाहुणा का उतरला, हे मला न भेटता कळतं. त्याच्याबरोबर कोणी आलं होतं आणि त्याला वर जागा नव्हती. माणूस उत्सवाला बायकोबरोबर येतो, मित्रांबरोबर येतो. त्याला चौथऱ्यावर एकट्याला बसवून बाकीच्यांना खाली पाठवलंत तर त्याने काय एकट्याने व्यासपीठाकडे पाहत राहायचं? प्रत्येक खुर्चीशेजारी साधी खुर्ची ठेवा. कुबड्या घेऊन चालणाऱ्यांना, तासभर उभं राहू न शकणाऱ्यांनाही तिथे येऊ द्या. अपंगत्व दिसत नाही म्हणून कोणाला हटकू नका.

सावली द्या. हा लाडाचा भाग नाही. मणक्याला वरच्या भागात इजा झालेल्या माणसाला इजेच्या खाली घाम फारसा येत नाही, त्यामुळे शरीर नीट थंड होत नाही. उन्हात त्याला फार लवकर त्रास होतो. मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार असलेल्या अनेकांची नजर आणि ताकद उष्णतेने तात्पुरती खालावते. पाणी चौथऱ्यावरच ठेवा. विजेवरच्या खुर्चीची बॅटरी भरायला एक जोडणीही तिथेच द्या, जनरेटर जवळ असल्याचा तेवढा तरी फायदा घ्या.

आणि एक गोष्ट जी कोणी लिहून ठेवत नाही : पळापळ झाली तर? चौथऱ्याला एकच रॅम्प आणि तो गर्दीच्या तोंडाशी, असं असेल तर आम्ही अडकलो. रॅम्प गर्दीपासून लांबच्या बाजूला, बाहेर जाणाऱ्या वाटेकडे उघडणारा हवा. त्या वेळी कोणत्या दोन स्वयंसेवकांनी चौथऱ्याकडे यायचं हे नावानिशी ठरवा. आणि त्यांनी येऊन आधी विचारायचं, मग हात लावायचा. माझी खुर्ची मागून अचानक ढकलणारा माणूस सद्हेतूने ढकलतो हे मला कळतं, पण तेव्हा माझी बोटं चाकात असतात.

प्रश्न : माझा मुलगा स्वमग्न आहे. त्याला संगीत आवडतं, पण गर्दी आणि कर्णे सुरू झाले की तो कान दाबून खाली बसतो. लोक बघत राहतात. त्याला न्यावं की नाही?
— एक आई

उत्तर : न्या. मात्र पूर्ण कार्यक्रम पाहायचाच असं ठरवून जाऊ नका. संयोजकांना आधी कळवून तीन गोष्टी मागा. पहिली, वेळापत्रक, ज्यात सर्वांत मोठ्या आवाजाच्या वेळा दाखवलेल्या असतील. दुसरी, बाहेर पडून पुन्हा आत यायची मुभा. तिसरी, एक शांत जागा. या शांत जागेविषयी मी जरा हट्टी आहे : ती प्रथमोपचाराच्या तंबूत नको. तिथे धावपळ असते, औषधांचा वास असतो, एखादं रडणारं मूल असतं. कर्ण्यांच्या पाठीमागे, जनरेटरपासून दूर, मंद उजेडाचा छोटा तंबू पुरे. आत जमिनीवर बसायची सोय, आणि दाराशी असा स्वयंसेवक की जो प्रश्न विचारणार नाही. कान झाकायचे संरक्षक घरूनच न्या. ते त्याच्या सवयीचे असलेले बरे.

आदल्या दिवशी मैदान उभं राहत असताना त्याला एक चक्कर मारून आणता आलं तर फार फरक पडतो. रिकामं मैदान ओळखीचं झालं की भरलेलं मैदान थोडं कमी परकं वाटतं.

लोक बघतात, त्यावर एक उपाय काही ठिकाणी चालतो. २०१६ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर सूर्यफुलाचं चित्र असलेली हिरवी गळ्यातली पट्टी सुरू झाली. न दिसणारं अपंगत्व असलेल्या माणसाने ती घालायची, कर्मचाऱ्यांनी न विचारता समजून घ्यायचं. ती पुढे अनेक देशांत पसरली. पण पट्टी घालणाऱ्यापेक्षा ती ओळखणाऱ्यांना शिकवणं जास्त महत्त्वाचं. तुमच्या उत्सवातल्या स्वयंसेवकांना तिचा अर्थ माहीत नसेल तर ती नुसतीच फीत.

(संयोजक हे वाचत असतील तर : लखलखणारे दिवे सेकंदाला तीन वेळांपेक्षा जास्त उघडझाप करत असतील तर प्रकाशामुळे फेफरं येणाऱ्यांना धोका असतो. अपस्मार असलेल्या शंभरांत साधारण तिघे असे असतात. फाटकावर ठळक सूचना लावा, आणि असे दिवे मुळात न वापरणं सर्वांत सोपं.)

प्रश्न : आहे त्या फिरत्या शौचालयांपैकी एकाच्या दाराला व्हीलचेअरचं चित्र लावलं तर चालेल का?
— घाईत

उत्तर : नाही. पायरी नसलेलं, बाहेर उघडणाऱ्या रुंद दाराचं, आत खुर्ची वळेल इतकं मोठं आणि दोन्ही बाजूंना धरायला दांडे असलेलं वेगळं एकक मिळतं, ते मागवा. तिथपर्यंत फळ्यांचा रस्ता आणि रात्री दिवा लावा. आणि कृपा करून त्यात झाडू, बादल्या, उरलेल्या खुर्च्या ठेवू नका. मोठी जागा दिसली की लोकांना गोदाम आठवतं. मोठ्या उत्सवांनी याच्याही पुढे जावं. ज्या प्रौढांना आडवं करूनच कपडे बदलावे लागतात त्यांच्यासाठी ब्रिटनमध्ये २००६ पासून मोठ्या मापाचा बाक आणि उचलण्याचं यंत्र असलेल्या शौचालयांची मोहीम सुरू आहे. ती सोय नसली की त्यांच्या घरच्यांना शौचालयाच्या जमिनीवर चादर अंथरावी लागते. वाचून थांबलात ना? ते रोज करतात.

प्रश्न : आम्ही सांकेतिक भाषेची दुभाषी बोलावली होती. ती संध्याकाळभर व्यासपीठावर उभी होती. तरी कर्णबधिर मंडळी मध्यंतरात निघून गेली. असं का झालं असेल?
— कार्यक्रम विभाग

उत्तर : ‘संध्याकाळभर उभी होती’ यातच उत्तर आहे. एका दुभाषीला वीस-तीस मिनिटांनंतर थकवा येतो आणि अर्थ निसटायला लागतो. म्हणून दोघी लागतात, आळीपाळीने. एक काम करते तेव्हा दुसरी सुटलेला शब्द पुरवते. अंधार पडल्यावर तिच्या चेहऱ्यावर आणि हातांवर उजेड होता का? सांकेतिक भाषेत अर्धा अर्थ चेहऱ्यावर असतो. मागे रंगीबेरंगी पडदा असेल तर हात त्यात हरवतात. शिवाय गाण्यांचे शब्द आणि भाषणं तिला आधी दिली होती का? कवितेची ओळ ऐकल्याबरोबर हातांनी सांगणं कोणालाही अवघड आहे.

बसायच्या जागेचाही प्रश्न असतो. दुभाषी व्यासपीठाच्या डाव्या टोकाला आणि कर्णबधिर प्रेक्षकांसाठी राखीव ओळ उजवीकडे, असं मी पाहिलं आहे. ओळ राखणाऱ्याने मनापासून राखली होती.

आणखी एक : ऐकू न येणारे सगळेच सांकेतिक भाषा जाणत नाहीत. उतारवयात ऐकू येईनासं झालेल्यांना ती येत नसते. त्यांच्यासाठी पडद्यावर चालता मजकूर हवा, आणि श्रवणयंत्रात ‘टी’ची खूण असलेल्यांसाठी बसण्याच्या एका भागात श्रवणवलय टाकता येतं. तारेचं ते वलय आवाज थेट यंत्रात पोचवतं, गर्दीचा गोंगाट वगळून. मात्र मोठ्या वीजवायरींजवळ टाकलं तर त्यात घरघर येते, म्हणून आधी चाचणी घ्या. हरवलेल्या मुलाची, बदललेल्या वेळेची घोषणा कर्ण्यावरून होते तशी फलकावरही लिहा. हे तर फळा आणि खडूनेही होतं.

प्रश्न : मी गाते. विजेवरची व्हीलचेअर वापरते. मागे एका उत्सवात मला खुर्चीसकट चौघांनी उचलून व्यासपीठावर नेलं. टाळ्या पडल्या, अजून मी गायलेही नव्हते. पुन्हा बोलावणं आलंय. नाही म्हणावंसं वाटतं, पण गायचंही आहे.
— एक गायिका

उत्तर : गायचं आहे ना, मग हो म्हणा, पण अटींसह आणि लेखी.

तुम्हाला आलेला राग योग्य आहे, हे आधी सांगते. शिवाय ते धोक्याचं होतं. विजेवरची खुर्ची माणसासकट सहज शंभर किलोच्या वर जाते, आणि हात टेकायचे दांडे निघणारे असतात. उचलणारे नेमके तेच धरतात. कोणाचा पाय पायरीवर चुकला तर काय, हे त्या टाळ्या वाजवणाऱ्यांच्या मनात आलं नसणार.

प्रेक्षकांसाठी रॅम्प करणारे संयोजक व्यासपीठाला रॅम्प करत नाहीत, कारण अपंग माणूस समोर बसेल इथपर्यंतच त्यांची कल्पना पोचते. तो वर जाऊन काही करेल हे डोक्यातच नसतं. पारितोषिक असलं की ‘आम्ही खाली येऊन देऊ’ म्हणतात, तो याचाच भाऊ. तेव्हा पत्रात स्पष्ट लिहा : ‘मी व्यासपीठावर स्वतःच्या खुर्चीतून, रॅम्पवरून येईन. मला उचलू नये.’ मग मापं द्या. व्यासपीठ तीन फूट उंच असेल तर छत्तीस फूट रॅम्प आणि मध्ये पाच फुटांचा सपाट थांबा, कारण अडीच फुटांहून जास्त चढ सलग नसावा. ‘एवढी जागाच नाही’ असं उत्तर येईल. त्यावर म्हणा, व्यासपीठ दीड फुटाचं करा, अठरा फुटांत काम होईल. उतरत्या मैदानावर कमी उंचीचं व्यासपीठही सगळ्यांना दिसतं. रॅम्प मध्येच उलटा वळवून दोन टप्प्यांत नेता येतो, पण वळणावरचा थांबा पाच बाय पाचपेक्षा लहान नको. दोन्ही बाजूंना कठडा आणि खाली चाक अडवणारी पट्टी. तुमच्या खुर्चीचं वजन आधी कळवा, फळ्यांखालचे आधार त्या हिशेबाने लागतात.

आणखी दोन अटी घाला. कलाकारांची तयारीची खोली आणि शौचालय पायरीशिवाय असावं. व्यासपीठावर आलात पण मागे जाता आलं नाही तर तीन तास पाणी न पिता बसाल, आणि गाणाऱ्याने पाणी न पिणं म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको. दुसरी अट, त्या दिवशी सगळ्याच कलाकारांनी त्याच रॅम्पवरून यावं, पायऱ्या लावूच नयेत. मग तुमच्या येण्याला टाळी पडणार नाही, गाण्याला पडेल. ध्वनिक्षेपकाचा स्टँड आडव्या हाताचा मागा, सरळ स्टँडचा तळ तुमच्या पुढच्या चाकांना आडवा येतो.

पाहणीला तालमीच्या आदल्या दिवशी जा, तालमीच्याच दिवशी नको. टेप न्या. चढ जास्त निघाला तर सुतार तोवर मैदानावरच असतो.